थीम पार्कमधील मितव्ययी आहार : एक विवेचन

प्रस्तुत विषयात तीन पदे आहेत : थीम पार्क, विद्यार्थ्याचा अर्थसंकल्प आणि उत्तम आहार. तिन्ही रोजच्या बोलण्यातली असल्याने त्यांचा अर्थ गृहीत धरला जातो. परंतु या विषयातील बहुतेक चुकीचे निर्णय व्याख्येच्या शैथिल्यातूनच निघतात. म्हणून आरंभ व्याख्यांपासून करणे युक्त.

ज्या क्रीडास्थळी एकदा प्रवेशमूल्य भरून दिवसभर वास्तव्य करावयाचे असते, आणि ज्याच्या कुंपणाच्या आत खाद्यपेयांच्या विक्रीवर एकाच व्यवस्थापनाचे नियंत्रण असते, त्यास येथे थीम पार्क म्हटले आहे. व्याख्येचा उत्तरार्ध गाळल्यास प्रवेशशुल्क घेणारे एखादे कृषिप्रदर्शनही तीत शिरेल आणि अतिव्याप्तीचा दोष येईल. कृषिप्रदर्शनात अनेक विक्रेते परस्परांशी स्पर्धा करीत असतात. एकाने भाव चढवला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते. थीम पार्कमध्ये शेजारचाही त्याच मालकाच्या नियंत्रणाखाली असतो.

विद्यार्थ्याचा अर्थसंकल्प म्हणजे केवळ अल्प रक्कम नव्हे. अल्प रक्कम कामगाराकडेही असते. पण तो जादा पाळी करून ती वाढवू शकतो. अमेरिकेत एफ-वन व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्यास कमाल २० तास, आणि तेही सामान्यतः विद्यापीठाच्या आवारातच, काम करता येते. त्याच्या उत्पन्नाची मर्यादा अशी कायद्यानेच बांधलेली असते. म्हणून या अर्थसंकल्पाची लक्षणे दोन : रकमेची मर्यादा अचल असणे, आणि ती ओलांडल्यास भरपाई पुढच्या महिन्याच्या किराण्यातून होणे. याच्या जोडीला एक अनुकूल लक्षणही आहे. विद्यार्थ्यापाशी पूर्वतयारीसाठी वेळ आणि पाठीवर ओझे वाहण्याची शक्ती, ही दोन्ही असतात. पुढील सर्व युक्तिवाद या तिसऱ्या लक्षणावर उभा आहे.

उत्तम आहाराच्या अटी तीन : पुरेसेपणा, निर्धोकता आणि रुची. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची दैनिक गरज २११० किलोकॅलरी, तर मध्यम श्रम करणाऱ्याची २७१० किलोकॅलरी आहे. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६० व २१३०. थीम पार्कमध्ये दिवसभर चालणारी व्यक्ती बैठ्या वर्गात मोडत नाही. प्रथिनांची शिफारस पुरुषाला ५४ ग्रॅम, स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. यावरून उपाशी राहून पैसे वाचवणे हा आपल्या विषयाचा भाग नाही, हे सिद्ध होते. शिवाय ते वाचतही नाहीत. दुपारी टाळलेले जेवण संध्याकाळी दुप्पट किमतीने वसूल होते, कारण भुकेला मनुष्य भावफलक वाचत नाही.

उदाहरणादाखल फ्लोरिडातील ऑर्लँडोचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड घेऊ. १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम या पहिल्या उद्यानाने ते सुरू झाले; पुढे १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आजचे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम यांची भर पडली. अमेरिकेत एम. एस. करणारी मराठी मुले हिवाळी किंवा वसंती सुटीत चार-पाच जणांच्या चमूने तेथे जातात. उदाहरणाच्या निवडीचे कारण मात्र लोकप्रियता नसून नियम हे आहे. या उद्यानांत बाहेरचे खाद्य स्वतःपुरते नेण्यास परवानगी आहे. परवानगी आहे म्हणून निवड आहे, आणि निवड आहे म्हणूनच विवेचनाला अवकाश आहे.

आता किमतीचे पृथक्करण. उद्यानातील स्वयंसेवा उपाहारगृहात मोठ्या माणसाचा एक मुख्य पदार्थ साधारण १२ ते १६ डॉलरला मिळतो. या रकमेत चार घटक मिसळलेले असतात : (१) अन्नाचे मूल्य, (२) स्थळाचे मूल्य, (३) वेळेचे मूल्य, म्हणजे आत्ता आणि इथेच भूक लागली आहे याची किंमत, आणि (४) कथेचे मूल्य, म्हणजे अमुक चित्रपटातल्या पात्राच्या आकाराचा पाव. पहिल्या घटकावर विद्यार्थ्याने खर्च करावाच लागतो. चौथ्यावर करणे हा त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. दुसरा आणि तिसरा हे घटक मात्र पूर्वतयारीने टळू शकतात. यास राज्याचा करही साहाय्य करतो. फ्लोरिडात दुकानातून घेतलेल्या किराण्यातील बहुतेक खाद्यवस्तूंवर विक्रीकर नाही. उपाहारगृहातील तयार अन्नावर तो आहे, आणि ऑरेंज परगण्यात त्याचा दर ६.५ टक्के आहे. टेबलावर वाढून मिळणाऱ्या जेवणात त्यावर बक्षिसीचे १५ ते २० टक्के चढतात. पात्रांच्या सहवासातील बुफे माणशी ६० डॉलरच्या वर जातो. त्याची गणना आहारात न करता खेळांत करावी, म्हणजे हिशोब स्वच्छ राहतो.

येथे एक पूर्वपक्ष संभवतो. तिकीट दीडशे डॉलरचे आणि वास्तव्य दहा तासांचे धरले, तर उद्यानातील प्रत्येक तासाची किंमत १५ डॉलर पडते. मग स्वस्त अन्नाच्या शोधात तासभर घालवणे म्हणजे दोन रुपये वाचवायला चार रुपयांची रिक्षा करण्यासारखे नव्हे काय? युक्तिवाद आकर्षक आहे आणि एका मर्यादेपर्यंत खराही आहे. मॅजिक किंगडमचे मुख्य वाहनतळ उद्यानाच्या दारात नाही. मोटार ठेवल्यावर मोनोरेलने किंवा बोटीने तळ्यापलीकडे जावे लागते. दुपारी डबा खाण्यासाठी मोटारीपर्यंत परत जाणे म्हणजे हा प्रवास दोनदा करणे. उरलेल्या तीन उद्यानांची वाहनतळे प्रवेशद्वारापाशी असल्याने तेथे हाच बेत शहाणपणाचा ठरू शकतो, कारण त्याच तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत जाता येते. एकच उपाय एका उद्यानात बचत आणि दुसऱ्यात अपव्यय ठरतो, तो असा.

परंतु पूर्वपक्षात एक तार्किक दोष आहे. तो सर्व तासांना समान मूल्य देतो. तिकिटाचे पैसे आधीच गेलेले असतात. जेवण कोणत्याही तासाला घेतले तरी ते परत येत नाहीत. पाहावयाचे ते इतकेच की, अमुक तास खाण्यात घालवल्यास किती खेळ हुकतील. सकाळी ज्या खेळाला पाव तासात प्रवेश मिळतो, त्याच्यासाठी दुपारी तासभर उभे राहावे लागते. म्हणजे उघडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत महाग आणि दुपारचा सर्वांत स्वस्त. मग दुपारी जेवावे, असा निष्कर्ष लगेच निघेल. पण बारा ते दोन या वेळेत उपाहारगृहांतील रांगाही सर्वांत लांब असतात, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस आला की उरलेले सगळे लोक छपराखाली येतात. यातून सुटण्याचा मार्ग एकच : खाणे आणि विसावणे या दोन क्रिया वेगळ्या करणे. आपण त्या एक मानतो, कारण घरी ताटावर बसणे आणि विसावणे एकच असते. रांगेत उभे राहणे अटळच आहे. कोरडे अन्न अकराच्या सुमारास त्या रांगेतच खावे. नंतर दोन-तीन वाजता, उपाहारगृहे रिती होऊ लागली की, वातानुकूलित जागेत निवांत बसावे. तेव्हा भूक भागलेली असते, म्हणून खरेदी केलीच तर ती विचाराने होते.

यावरून प्रस्तुत विवेचनाचा मुख्य सिद्धांत मांडता येतो. थीम पार्कमध्ये महाग असते ती अनपेक्षित भूक. अन्न त्या मानाने नव्हे. भुकेची वेळ आणि तिचे उत्तर कुंपणाबाहेर ठरवले, की किमतीतील दुसरा व तिसरा घटक आपोआप गळतात. पुढे येणारे प्रकार आणि टप्पे हे या सिद्धांताचे विवरण होय.

नेता येणाऱ्या अन्नाला, अर्थात शिदोरीला, डिस्नेच्या नियमांनी काही मर्यादा घातल्या आहेत. मद्य नको. लहान बाळाच्या अन्नाच्या बाटल्या वगळता काचेचे भांडे नको. तापवावे किंवा थंड ठेवावे लागेल असे अन्न नको, आणि उग्र वासाचे नको. पिशवीत सुटा बर्फ आणि कोरडा बर्फ दोन्ही वर्ज्य. गोठवलेल्या जेलच्या थैल्या चालतात. वासाचा नियम मराठी शिदोरीला थेट लागू होतो. सुक्या बोंबलाची चटणी तर सोडाच, लसणाचीही धोक्याच्या रेषेवर येते. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, मेतकूट, तिळकूट हे निर्वेध.

नियमांपेक्षा कठोर बंधन निसर्गाचे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे ४ ते ६० अंश सेल्सियस या तापमानपट्ट्यात नाशवंत अन्न दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून अधिक नाही. ऑर्लँडोत जून ते ऑगस्ट दुपारचे सरासरी कमाल तापमान ३२ अंशांच्या वरच असते. म्हणून शिदोरीचे वर्गीकरण चवीनुसार न करता तीतील पाण्यानुसार करावे लागते. अन्नातील सूक्ष्मजीवांना वापरता येणाऱ्या पाण्याचे मान शून्य ते एक या श्रेणीत मोजतात आणि त्यास जलक्रियाशीलता म्हणतात; ती ०.८५ च्या खाली असल्यास रोगकारक जिवाणू सहसा वाढत नाहीत. यावरून तीन वर्ग होतात.

पहिला वर्ग शुष्क : चिवडा, भडंग, शंकरपाळे, भाजलेले चणे, शेंगदाणे, खजूर, बेसनाचे लाडू. यांना उन्हाचे भय नाही. प्रथिनांचा भार याच वर्गाने उचलावा. ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे साडेबारा ग्रॅम आणि तेवढ्याच भाजलेल्या चण्यांतून दहाच्या आसपास ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे पुरुषाच्या दैनिक गरजेचा दोन-पंचमांश भाग दोन मुठींत आला.

दुसरा वर्ग अर्धशुष्क : पोळी, दशमी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे. यांची जलक्रियाशीलता ०.८५ हून अधिक असते, म्हणून हा वर्ग त्याच दिवसापुरता. ज्या खोलीत शेगडी नाही तेथे पोळीचे काम टॉर्टिया करते. परदेशी राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे सांगावे लागत नाही. बांधणीचा क्रम मात्र सांगावा लागतो. पोळी पूर्ण निवू द्यावी. मग आतल्या बाजूस तुपाचा किंवा शेंगदाण्याच्या लोण्याचा पातळ थर द्यावा, त्यावर कोरडी चटणी पसरावी, घट्ट गुंडाळी करावी आणि शेवटी फॉइल लावावे. गरम पोळी गुंडाळल्यास वाफ आत अडकते, तिचे पाणी होते, आणि अकरा वाजता फॉइल उघडले की हाताला चिकट लगदा लागतो. थर स्निग्ध असण्याचे कारणही हेच. तो पोळीला ओल धरू देत नाही. काकडी-टोमॅटो आत घालण्याचा मोह सकाळी फार होतो. तो टाळून फळ अखंड न्यावे : सफरचंद, संत्रे, केळे. निसर्गाने या फळांचे वेष्टन आपणच केलेले असते.

तिसरा वर्ग आर्द्र : भात, उसळी, दही घातलेल्या कोशिंबिरी, ओले खोबरे पेरलेले दडपे पोहे, उकडलेली अंडी. हा वर्ग पिशवीत सर्वथा वर्ज्य. भाताविषयी गैरसमज असल्याने थोडा विस्तार आवश्यक आहे. शिजवताना सगळे जंतू मरतात असे मानले जाते; पण बॅसिलस सीरियस या जिवाणूची बीजुके उकळीतूनही वाचतात, कोमट भातात रुजतात, आणि त्यांनी निर्माण केलेले वांतिकारक विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. रात्रीचा चित्रान्न-भात सकाळी डब्यात भरून तीन वाजता खाणे म्हणजे दुसऱ्या दिवसाचे तिकीट धोक्यात घालणे होय. आर्द्र वर्गाचे स्थान मुक्कामाच्या खोलीत, सकाळी आणि रात्री.

पाण्याचा विचार स्वतंत्र. डिस्नेच्या ज्या स्वयंसेवा उपाहारगृहांत नळाची पेये मिळतात, तेथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागितल्यास विनामूल्य देतात; काही विकत घेण्याची अट नाही. तरीही बाटलीबंद पाण्यावर पैसे जातात, कारण मागण्याचा संकोच. त्या पेल्यात लिंबू सरबताची पूड घातली की घामावाटे गेलेल्या मिठाचीही भरपाई होते. आदल्या रात्री गोठवलेली पाण्याची बाटली दुहेरी उपयोगाची : सकाळी ती पिशवीला थंडावा देते, दुपारी पिता येते.

आता टप्पे. पहिला टप्पा मुक्कामाच्या निवडीचा. ऑर्लँडोजवळच्या किसिमी गावाच्या बाजूला स्वयंपाकघरासह भाड्याची घरे मिळतात; पाच जणांत भाडे वाटले तर ती परवडतात, आणि रात्रीचे वरण-भात-भाजी हे सहलीतील सर्वांत स्वस्त पूर्ण जेवण तेथेच होते. न्याहारीसह खोली देणारी हॉटेले हा दुसरा पर्याय. तेथे अंडी, दूध, फळे पोटभर खाऊन प्रथिनांचा एक हप्ता बाहेर पडण्यापूर्वीच भरता येतो. न्याहारी मात्र लवकर आटोपावी. दिवसाचा सर्वांत मौल्यवान तास उद्यान उघडतानाचा आहे हे वर सिद्ध झाले आहे. तो ऑम्लेटच्या रांगेत घालवणारा मनुष्य फुकटच्या न्याहारीची किंमत मोजत असतो.

दुसरा टप्पा उद्यानातील खरेदीचा. ती शून्य असावी असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. रुची ही तिसरी अट व्याख्येतच घातली आहे, आणि दिवसभर चिवडा खाणारा सहलीला गेला नसून उपासाला बसला आहे. दिवसातून एक गरम पदार्थ घ्यावा. पदार्थ आणि भाव डिस्नेच्या संकेतस्थळावर व ॲपवर आधीच पाहता येतात. निवड आदल्या रात्री करावी, भूक लागल्यावर नव्हे. स्वयंसेवा उपाहारगृहांत मुलांसाठीची थाळी मोठ्यांनाही मागवता येते. तीत मुख्य पदार्थाबरोबर तोंडीलावणी आणि पेय येते, आणि ती मोठ्यांच्या पदार्थाहून बरीच स्वस्त असते. शिदोरीने अर्धे पोट भरलेले असताना ती पुरते. शाकाहाऱ्याने यादीतील पानाचे चिन्ह पाहावे. २०१९ पासून डिस्ने वनस्पतिजन्य पदार्थांना ते लावते, आणि अशा पदार्थात दूध, अंडी, मध हेही नसतात.

तिसरा टप्पा उत्सवाच्या जेवणाचा, संपूर्ण सहलीत एकदाच. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालने आहेत; त्यांत भारत नाही. भारतीय वळणाचे अन्न ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधील सना या उपाहारगृहात मिळते. तेथे आफ्रिकी आणि भारतीय पाककलांचा संगम आहे, आणि आत जाण्यास उद्यानाचे तिकीट लागत नाही. नान, कुलचा, पनीर पराठा अशा पाच प्रकारच्या रोट्या आणि नऊ तोंडीलावणी यांचे एकच मोठे ताट तेथे मागवता येते. ते चौघांत वाटून घेतल्यास माणशी खर्च उद्यानातल्या एका बर्गरहून कमी पडतो. नान-चटणीसाठी फ्लोरिडात पैसे मोजावेत काय, हा प्रश्न आईने विचारण्याजोगा आहे. पण महिनोन्‌महिने टॉर्टियावर काढलेल्या विद्यार्थ्याला तो पडत नाही.

सामूहिक खर्चाचा प्रश्न, अर्थात कॉन्ट्रीचा, येथेच सोडवला पाहिजे. सर्व बिले समान वाटण्याची रीत सोयीची आहे; परंतु चौघांत बिल समान वाटले जाणार असेल, तर जादा मागवलेल्या पदार्थाच्या किमतीचा चतुर्थांशच मागवणाऱ्यावर पडतो. प्रत्येक जण असाच विचार करतो आणि एकूण बिल फुगते. म्हणून खर्चाचे दोन भाग करावेत. किराणा आणि उत्सवाचे जेवण सामाईक. उद्यानातील खरेदी ज्याची त्याने. मैत्रीला याने बाधा येत नाही, तिसऱ्या दिवशीच्या आइस्क्रीमवरून होणारी बोलाचाली मात्र टळते.

हे सर्व विवेचन शिदोरीला परवानगी आहे या गृहीतावर आधारले आहे. शेजारच्या युनिव्हर्सल उद्यानांत परवानगी अधिक संकुचित असून तेथे किरकोळ खाऊ आणि पाणी एवढेच नेता येते. म्हणजे शुष्क वर्ग आत जातो, जेवणाचा डबा नाही. महाराष्ट्रातील बहुतेक उद्यानांत बाहेरच्या खाद्याला मनाईच असते. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्णय दिला की, बाहेरचे खाद्य आत न आणू देण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र पिण्याचे पाणी विनामूल्य द्यावे. तो निर्णय चित्रपटगृहांपुरता असला तरी त्यामागील तत्त्व खासगी जागेवरील मालकाच्या अधिकाराचे आहे. अशा ठिकाणी शिदोरी गळते आणि पहिल्या टप्प्यातील न्याहारीचा भार वाढतो. खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्या कॉलेजच्या चमूने सकाळी उद्यानात शिरण्यापूर्वी पोटभर पोहे-मिसळ खावी, दुपारचे जेवण अंतर्भूत असलेले तिकीट आणि साधे तिकीट यांतील फरक त्या एका जेवणाच्या किमतीशी ताडून पाहावा, आणि संध्याकाळची भूक बाहेर पडल्यावरच्या वडापावासाठी राखून ठेवावी.

अखेरचा टप्पा परतीचा. उरलेल्या शिदोरीचेही वर्गीकरण आहे, आणि ते विमानतळावरील सुरक्षा खात्याने केले आहे. घन अन्न हातातल्या सामानातून नेता येते : चिवडा, लाडू, पोळीची उरलेली गुंडाळी. कोरडी चटणी ही पूड. १२ औंसांपर्यंत तिच्यासाठी निराळी तपासणी सहसा होत नाही. लोणचे, शेंगदाण्याचे लोणी आणि मुरंबा यांची गणना द्रवांत होते; ३.४ औंसांहून मोठी बरणी एकतर खालच्या सामानात घालावी, किंवा निघायच्या दिवशी न्याहारीलाच संपवावी.